साडेसातचे काका

खोली बघायला गेलो तेव्हा काकांनी मला जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, अंडं खाता का तेही विचारलं नाही. पुण्यात भाड्याची खोली शोधत फिरलेल्या माणसाला यातलं आश्चर्य वेगळं सांगायला नको. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"मध्ये बोलायची सवय आहे का तुम्हाला?"

"कशाच्या मध्ये?"

"बघा. बोललात."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, साबणाची जाहिरात चाललीय. बोलू द्या की त्याला."

तेव्हा कुठे काकांनी टीव्हीवरची नजर सोडवली आणि मला नीट पाहिलं. साबण, मग केसांचं तेल, मग गुडघेदुखीचं मलम, एवढ्या अवधीत त्यांनी भाडं, पाण्याची वेळ, किल्ली आणि संडासाची कडी कशी ओढायची हे सगळं उरकलं. मालिकेचं संगीत सुरू होता होता शेवटचं कलम सांगितलं. "ही कोण, हा हिचा कोण, आणि हा मेला होता ना, असले प्रश्न या घरात चालत नाहीत. तुमच्या आधीचा मुलगा त्यापायीच गेला. चांगला होता, लातूरचा. पण रोज विचारायचा, ही कोण."

मी बार्शीचा. आमच्याकडे माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, म्हणूनच गावात करमतं. पण खराडीत नुकती नोकरी लागली होती आणि खराडीत तेव्हा राहायला कोणी जात नसे. चार काचेच्या इमारती, भोवती ज्वारी, आणि ज्वारीत गळ्यात ओळखपत्र अडकवलेले आम्ही. म्हणून कर्वेनगरात ही खोली. कंपनीच्या बसने पुण्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचं. आमचं गिऱ्हाईक जपानचं होतं. जपानी माणूस आपल्या पहाटेच कामाला लागतो, म्हणून मी अंधारात जायचो आणि चारच्या सुमाराला परत येऊन हॉलमधल्या सोफ्यावर पडायचो. अशा रीतीने, कसलाही गुन्हा न करता, मी त्या घराच्या संध्याकाळींचा साक्षीदार झालो.

काका पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. सहा फूट उंची, आवाज असा की धरणाच्या या काठावरून त्या काठावरच्या मुकादमाला मधल्या पाण्यासकट ऐकू जावा. काकू म्हणायच्या, "जन्मभर पाणी अडवलं, निवृत्त झाल्यावर सगळं डोळ्यांतून सोडलं." यात अतिशयोक्ती नाही. मालिकेतल्या थोरल्या सुनेला घराबाहेर काढलं त्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सोसायटीकडे तक्रार केली की आमच्या छताला ओल आली आहे. प्लंबर आला, सगळे नळ ठोकून गेला, म्हणाला पाइपात दोष नाही. मालिकेत सुनेला परत घेतलं आणि ओल वाळली. ज्यांना पटत नसेल त्यांनी खालच्या बाईंना विचारावं.

काकू स्वतः एकही मालिका बघत नसत. दुपारी वाचनालय, मग बायकांची भिशी, मग थोडी झोप, आणि संध्याकाळी स्वयंपाकघर. टीव्हीशी त्यांचा संबंध सवतीसारखा होता. तिचं नाव घ्यायचं नाही, पण तिच्या वेळा पाळायच्या. सात ते नऊ मिक्सर लावायचा नाही. दाराच्या घंटीची वायर काकांनीच सोडवून ठेवलेली. मी पहिल्या आठवड्यात भाबडेपणाने विचारलं, "काकू, जेवायला उशीर का होतो हो?" तर गॅसपाशी उभ्या काकूंनी झाऱ्याने हॉलकडे खूण केली. "आमच्याकडे कुकरसुद्धा जाहिरातीत शिट्टी देतो."

आणि खरंच द्यायचा. काकूंनी तो साधला होता. प्रसंग रंगात आला की गॅस बारीक, नायिकेने वळून बघितलं आणि जाहिरात लागली की गॅस मोठा. त्यात डाळीचं व्हायचं ते व्हायचं. त्या घरात मी अर्धी कच्ची आणि अर्धी विरघळलेली अशी एकाच वाटीतली तूर खाल्ली आहे.

काकांचं दुसरं रूप सकाळी दिसायचं. सकाळचे काका म्हणजे कट्टर बुद्धिवादी. मुहूर्त नाही, पत्रिका नाही, सत्यनारायण नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर "रूढी आणि आपण" या विषयावर ते अशी घणाघाती व्याख्यानं द्यायचे की समोरच्या देवळातली माणसं गाभाऱ्याचं दार लोटून घ्यायची. वडील गेले तेव्हा ना सुतक पाळलं ना तेरावं केलं. "माणूस मेला की संपला," ते सांगायचे, "जिवंतांनी ढोंगं करू नयेत."

"सासरे गेले आणि यांनी तिसऱ्या दिवशी बासुंदी मागून खाल्ली," काकू पुस्ती जोडायच्या.

तर अशा या माणसाने, साडेसातच्या मालिकेतले अप्पा गेले तेव्हा, गोड सोडलं. मी पाडव्याला घरून येताना आईने दिलेलं श्रीखंड आणलं होतं. काकांनी डबा हाताने बाजूला सारला. "यंदा नको. घरात झालंय."

"कोणाच्या घरात?" मी विचारलं. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उरलेला प्रश्न श्रीखंडाबरोबर गिळला.

एवढ्यावर थांबतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. वार्षिक सभेच्या सुरुवातीला वर्षभरात गेलेल्या सभासदांना श्रद्धांजली वाहायची रीत होती. काका उठले, चष्मा पुसला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, मग वॉचमनचे वडील, आणि मग चष्मा पुन्हा पुसून, "आणि आपणा सर्वांचे अप्पा. ज्यांनी कुटुंब कसं धरून ठेवावं हे दाखवून दिलं." आता इथे कोणीतरी हसेल असं मला वाटलं. सगळी सभा उभी राहिली. दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. खजिनदारांनी मान खाली घातली. ते नऊची दुसऱ्या वाहिनीवरची मालिका बघणारे, पण दुःखात पक्षभेद नसतो.

सभेत लखनौहून बदली होऊन आलेला एक नवा भाडेकरू होता. अत्यंत सभ्य कुटुंब. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा-बायको पांढरे कपडे घालून, पांढरी फुलं घेऊन आमच्या दारात. घंटी वाजत नाही म्हणून कडी वाजवली. दार काकूंनी उघडलं.

"आंटीजी, अप्पाजी का सुना. बहुत दुख हुआ. किस फ्लैट में रहते थे?"

काकूंनी मागे वळून पाहिलं. काका सोफ्यावर रुमाल घेऊन रडत होते, कारण टीव्हीवर अप्पांचा दहावा चालला होता. काकू शांतपणे म्हणाल्या, "फ्लॅटमध्ये नहीं रहते थे. रोज साडेसात को आते थे."

"रोज़? इस उम्र में?"

"सोम से शनि. इतवार को सुट्टी."

त्या बिचाऱ्यांनी फुलं टीव्हीसमोर ठेवली, नमस्कार केला आणि गेले. काकांना ती माणसं पुढे जन्मभर फार आवडली.

ते भारनियमनाचे दिवस होते. पुण्यात एकीकडे जगाची कामं संगणकावर चालायची आणि दुसरीकडे त्याच पुण्यात संध्याकाळी मेणबत्ती शोधायला काडेपेटी सापडायची नाही. काकांनी इन्व्हर्टर बसवला. त्यावर पंखा नाही, दिवा नाही, फक्त टीव्ही. त्याच्या निळ्या उजेडात काकू पोळ्या लाटायच्या. खलनायिका आली की पोळी लाल दिसायची, कारण तिच्या साड्या तशा. पण एकदा इन्व्हर्टरही बसला आणि ऐन त्या दिवशी मालिकेत कोर्टाचा निकाल होता. काका दोन मिनिटं अंधारात उभे राहिले. कोणत्या भागात कधी वीज जाते हे त्यांना पाठ होतं. "नारायण पेठ," ते म्हणाले. "चला. तुम्हीही."

नारायण पेठेत त्यांचा आत्तेभाऊ होता. आत्याच्या घरचा तांब्याचा बंब कोणी न्यायचा यावरून दोघांत वितुष्ट आलं होतं आणि कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. बंब शेवटी तिसराच कोणी घेऊन गेला, भांडण मात्र दोघांकडे राहिलं. आम्ही रिक्षाने पोचलो. आत्तेभावाने दार साखळीपुरतं उघडलं.

"काय काम?"

"साडेसात वाजताहेत," काका म्हणाले.

साखळी निघाली. आम्ही आत बसलो. अर्धा तास कोणी कोणाशी बोललं नाही, जाहिरातीतसुद्धा नाही. निकाल सुनेच्या बाजूने लागला तेव्हा दोघांनी एकाच वेळी सुस्कारा सोडला. निघताना आत्तेभाऊ भिंतीकडे बघत म्हणाला, "उद्या आहे का तुमच्याकडे वीज?"

"नाही."

"मग चपला आत काढा उद्या. बाहेरून जातात."

रिक्षात काका खूश होते. "बघितलंत? वाट बघत होता." मी बार्शीचा असल्यामुळे मला यात समेट कुठे झाला ते कळलं नाही. पण पुण्यात याहून जवळ कोणी कोणाला घेत नाही, हे पुढे अनुभवाने शिकलो.

आता मनूबद्दल सांगितलं पाहिजे, कारण खरी गोष्ट तिची आहे. मनू काका-काकूंची एकुलती एक मुलगी. तीही खराडीतच, दुसऱ्या कंपनीत. पण तिचं गिऱ्हाईक अमेरिकेचं, त्यामुळे मी उठायच्या बेताला ती झोपायची. घरी यायची तेव्हा तिच्यासाठी ताट झाकलेलं असायचं आणि काका आत घोरत असायचे. बापलेकीची गाठ रविवारी, आणि रविवारी ती दुपारपर्यंत झोपायची. मी त्या घरात दोन वर्षं राहिलो, कमावता होतो, दिसायला बरा होतो, मध्ये बोलत नव्हतो, तरी तिच्यासाठी माझा विचार कोणाच्याही मनाला शिवला नाही याची इथे नोंद व्हावी.

कारण तिने स्वतःच ठरवलेलं होतं. एका रविवारी काका मंडईत गेलेले असताना तिने स्वयंपाकघरात आईला सांगितलं. मी तिथेच पोह्यांसाठी बशी धरून उभा होतो, मला कोणी बाहेर जा म्हटलं नाही. मुलगा तिच्याच कंपनीतला, नाव आनंद. वडील निवृत्त सरकारी अधिकारी, आई कॉलेजात शिकवते. आजोबांनी छप्पन साली नागपूरला धम्मदीक्षा घेतलेली.

काकूंनी कढईत दाण्याचं कूट टाकलं. "मुलगा बरा आहे?"

"आई, माझ्यापेक्षा बरा आहे."

"मग सांग बाबांना. ते तर पुरोगामी आहेत."

"तेच ना," मनू म्हणाली. "व्याख्यानं पुरोगामी आहेत. घरात अजून प्रसंग आलेला नाही. आणि आई, त्यांनी नाही म्हटलं ना, तर मी लग्न करेन, पण मग या घरात येणं होणार नाही माझं. मला ते नकोय."

काकू बराच वेळ पोहे परतत राहिल्या. मग झारा कढईवर आपटून म्हणाल्या, "त्या माणसाला सरळ सांगितलेलं आजवर काही कळलेलं नाही. लग्न झाल्यापासून मी सांगतेय. त्याला रोज थोडं थोडं सांगावं लागतं. आणि ऐन रंगात आलं की थांबायचं."

अशा बाबतीत दैवही मदतीला धावतं. काकांची सातची मालिका त्याच महिन्यात संपली होती आणि त्या जागी वाहिनीने लहान पोरांची नाचाची स्पर्धा आणली होती. काकांना ती बघवत नसे. सात ते साडेसात ते पिंजऱ्यातल्या वाघासारखे हॉलमध्ये फेऱ्या मारायचे. म्हणजे जागा रिकामीच होती. मनूने साहेबाला सांगितलं की घरी अडचण आहे, अमेरिकेचे फोन रात्री घरून घेईन, आणि संध्याकाळच्या पहिल्या बसने ती घरी यायला लागली.

पहिल्या दिवशी आली, चप्पल काढली, काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. "बाबा, आमच्या ऑफिसात एक मुलगी आहे. रेवती."

"बरं."

"तिचं एक वेगळंच चाललंय."

"काय?"

"जाऊ दे, तुमचं सुरू होईल आता." आणि उठून आत गेली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "काय चाललंय तिचं?"

"मला काय माहीत, काका."

त्या रात्री साडेसातच्या मालिकेत एक जण विष प्यायला आणि काकांनी ऐनवेळी जांभई दिली. दुसऱ्या दिवशी सात वाजायच्या आधीच ते गॅलरीत उभे. मनू कोपऱ्यावर दिसताच वरून ओरडले, "रेवतीचं काय?" रस्त्यातली भाजीवाली दचकली.

मग काय, चाललं. रेवतीचं एका मुलावर प्रेम, घरी सांगायची भीती. वडील बांधकाम खात्यातून निवृत्त, फार तत्त्वाचे. काका टीव्हीचा आवाज बंद ठेवून ऐकायचे. आणि नुसतं ऐकतील तर ते काका कसले! इतक्या मालिका पचवलेला माणूस. "आई नुसती गप्प दाखवलीयस," ते म्हणाले, "आई जरा ठसठशीत कर." आत काहीतरी जोराने आपटलं. मग म्हणाले, "आणि आत्या कुठाय? आत्या आण एखादी. आत्याशिवाय लग्न मोडणार कोण?" मनूला नाइलाजाने आत्या आणावी लागली. ती कोल्हापूरहून आली, सोबत स्वतःचा एक मुलगा घेऊन आली, आणि त्याचंच रेवतीशी जमवायला लागली. एकदा काकांनी मधेच अपघात सुचवला.

"बाबा, खरी गोष्ट आहे ही!"

"खऱ्या गोष्टीत अपघात होत नाहीत? कर्वे रस्त्याने ये एकदा चालत."

पण एक दिवस असा आला की ती हसली नाही. खुर्चीच्या कडेला बसली आणि म्हणाली, "बाबा, आज एक सांगायचंय. तो मुलगा बौद्ध आहे."

काकांनी "मग?" म्हटलं नाही. रोज म्हणायचे. त्यांनी रिमोट उचलला, आवाज मोठा केला आणि ज्या नाचाला ते माकडचेष्टा म्हणायचे तो शेवटपर्यंत बघितला. मनू आत गेली. साडेसातची मालिका लागली, तीही बघितली, पण डोळे कोरडे. खाली ओल आली नाही. काकूंनी त्या दिवशी कुकरला हव्या तेव्हा शिट्ट्या देऊ दिल्या आणि काकांनी हॉलमधून एकदाही हटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मनू येणार नाही असंच मला वाटलं. आली. खुर्चीत बसली, पर्स मांडीवर तशीच. काकांनी टीव्ही बंद केला. आवाज नव्हे, टीव्हीच. त्या वेळेला त्या घरात टीव्हीची काच काळी असते हे मी पहिल्यांदा पाहिलं. काचेत आम्ही तिघं दिसत होतो.

"काल कुठे होतो आपण?" काका म्हणाले.

"रेवतीच्या बाबांना कळलं तर काय होईल, इथे."

"काय होईल... एक रात्र झोप लागणार नाही त्याला. इतरांच्या घराबद्दल बोलताना जीभ कशी सैल सुटते ते आठवेल. जन्मभर व्याख्यानं झोडली, आणि स्वतःचा पेपर आला तर पेनच उचलेना." ते थांबले. "गाढव आहे तो बाप. पण नापास होणारा वाटत नाही. पुढे?"

मनूने पर्स बाजूला ठेवली. स्वयंपाकघरातला नळ इतका वेळ नुसताच वाहत होता, तो बंद झाला.

यानंतर सगळं सोपं झालं असेल असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. मनूने त्याच भरात पुढचं सांगून टाकलं, "आणि बाबा, मुलाच्या घरी टीव्ही नाही."

काका उभे राहिले. "नाही म्हणजे? बिघडलाय?"

"घेतलाच नाही कधी. पुस्तकं आहेत. भिंतीच्या भिंती."

"अगं, मग ती पोर संध्याकाळी करणार काय त्या घरात?"

"बोलतील एकमेकांशी," काकू आतून म्हणाल्या. "असतात म्हणे अशी घरं. मी वाचलंय."

खरी अडचण पुढे आली. गोष्ट संपेना. मनू रोज ठरवून यायची की आज रेवती वडिलांना सांगणार, आणि काका रोज काहीतरी मध्ये घालायचे. "एवढ्यात नको. आधी आत्याच्या मुलाचं मार्गी लाव." "बापाचा एखादा जुना मित्र येऊ दे, तो समजावेल त्याला." "मुलाच्या आजोबांचं सांग ना. नागपूरला गेले कसे? बरोबर कोण होतं?" ते तर त्यांनी दोन-तीनदा सांगायला लावलं. पाटबंधाऱ्याचा माणूस, पाणी घालून वाढवणं रक्तातच. तिकडे आनंदच्या आई-वडिलांचा धीर सुटत चालला होता. मुलीच्या घरून नकार आहे आणि ही सांगत नाही, असं त्यांना वाटायला लागलं होतं, आणि कोणालाही वाटलं असतं. शेवटी त्यांनी कळवलं, या रविवारी आम्ही येतो, काय ते समोरासमोर होऊ दे. मनूला शनिवारी गोष्ट संपवणं भागच होतं.

शनिवारी ती आली ती उभ्यानेच म्हणाली, "बाबा, आज शेवट."

"आज? शनिवारी कोणी शेवट करतं का? रविवारी दोन तासांचा विशेष भाग असतो."

"बाबा, ऐका. रेवती कोणी नाहीये."

"माहीत आहे."

"नाही, तुम्हाला कळत नाहीये मी काय सांगतेय. ती रेवती म्हणजे..."

"तू. आणि बाप म्हणजे मी. अगं, दुसऱ्याच दिवशी कळलं. पाटबंधारे खात्याचं नुसतं बांधकाम खातं केलंस. लेखकाने थोडे तरी कष्ट घ्यावेत."

काकू झाऱ्यासकट बाहेर आल्या. मी आजवर त्यांना शांतपणेच बोलताना ऐकलं होतं, त्या रागाने एवढ्या उंच होतात हे ठाऊक नव्हतं. "दुसऱ्या दिवशी? मग इतके दिवस ही सोंगं? आत्या काय, अपघात काय! पोरीचा जीव टांगणीला लागलाय, ती माणसं ताटकळलीत, आणि तुम्ही हिच्याकडून मालिका करून घेताय? हो म्हणायला काय धाड भरली होती?"

तेवढ्यात साडेसात झाले. खालच्या, वरच्या, समोरच्या, सगळ्या घरांतून एकदमच मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं. सबंध इमारत गात होती, आमचा तेवढा टीव्ही मुका. काकांनी रिमोटला हात लावला नाही. ते काकूंना म्हणाले, मनूकडे न बघता, "ती रोज सातला घरी येत होती."

काकूंनी झारा खाली केला.

"नोकरी लागल्यापासून हिचं तोंड मी रविवारी बघतो. तेही झोपलेलं. इथे या खुर्चीत येऊन बसायला लागली. चहा घ्यायची. हात करून करून सांगायची, लहानपणी सांगायची तसं. मी हो म्हटलं असतं तर संपलंच असतं की गं सगळं. दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा अमेरिका." नाक शिंकरून त्यांनी रुमाल खिशात घातला आणि मनूकडे वळले. "चुकलं माझं. त्या मुलाच्या आईवडिलांना ताटकळत ठेवायला नको होतं. तुला मात्र मुद्दाम ठेवलं."

मनू त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून इतकी रडली की मी तातडीने खालच्या बाईंना सांगायला जायचा विचार करत होतो.

रविवारी आनंदकडचे आले. त्याचे वडील कमी बोलणारे, आई अतिशय नेमकं बोलणाऱ्या. काकांनी पहिल्यांदा हात जोडून उशिराची माफी मागितली, मग आजोबांच्या नागपूरच्या प्रवासातला एक तपशील त्यांना विचारला, जो आनंदच्या वडिलांनाही ठाऊक नव्हता. पंधरा मिनिटांत दोघे व्याही असल्यासारखे एकमेकांना खोडून काढायला लागले. लग्न नोंदणी पद्धतीने, हार दोन, भाषण एकही नाही असं ठरलं. शेवटची अट काकूंनी घातली, त्या दिवशी तरी जेवण वेळेवर.

मुलं खराडीतच घर घेणार होती. ज्वारीच्या जागी तिथे आता इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या. आनंदच्या आई काकांना म्हणाल्या, "तुमच्या आवडीबद्दल मनूने सांगितलंय. तुम्ही येत जाल तेव्हा गैरसोय नको, त्यांच्या घरात एक टीव्ही घेऊन ठेवू."

"छे, छे. अजिबात घेऊ नका," काका म्हणाले. "मी बसने येत जाईन सातला. मनू घरी असेल त्या दिवशी. तिचं ऐकायला येणार, तिथे टीव्ही कशाला मध्ये?"

काकू पोह्यांच्या बशा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांचा विश्वास बसला नसावा. "अहो, पण तुमचं साडेसातचं?"

"त्याचं काय एवढं," काका बशी घेत म्हणाले. "दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवतात की तेच."

काकू बशा घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. आनंदच्या आईंनी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

"पुन्हा दाखवतात?" काकूंनी अगदी हळू विचारलं.